क्योतोतली बौद्ध मंदिरं आणि साकुरा: आधी झाड बघा, मग तारीख, मग मंदिर

रानभूल (धागाकर्ती)

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला क्योतोला कधी जावं, या प्रश्नाला सगळीकडे एकच छापील उत्तर मिळतं: एप्रिलचा पहिला आठवडा. उत्तर चूक नाही, अपुरं आहे. ते फक्त सोमेई-योशिनो या एका जातीचं वेळापत्रक आहे. क्योतोत या जातीचं पहिलं फूल सरासरीने २६ मार्चला उमलतं आणि पूर्ण बहर ४ एप्रिलला येतो. (१९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी.) पण मंदिरांतली नावाजलेली झाडं बऱ्याचदा या जातीची नसतातच. कुठे शिदारे, म्हणजे फांद्या खाली लोंबणारी चेरी असते, ती आठवडाभर आधी फुलते. कुठे उशिरा फुलणाऱ्या बुटक्या जाती, कुठे दाट पाकळ्यांची याएझाकुरा, आणि तिचा बहर एप्रिलच्या मध्यापासून पुढे.

तेव्हा आधी मंदिर ठरवून मग विमानाची तिकिटं काढू नका. तारखा हातात असतील तर त्या तारखांना फुलणारं झाड ज्या मंदिरात आहे तिथे जा. ढोबळ क्रम असा:

मार्चचा शेवटचा आठवडा: दाइगोजी आणि तोजी, दोन्हीकडे शिदारे.
मार्चअखेर ते एप्रिलचे पहिले ५–६ दिवस: कियोमिझुदेरा, नानझेनजी, तेत्सुगाकु-नो-मिची (तत्त्वज्ञाचा रस्ता) आणि त्याच्या आजूबाजूची छोटी मंदिरं.
१० एप्रिलच्या मागेपुढे: निन्नाजी.
त्याही पुढे: क्योतो सोडून योशिनोच्या डोंगराचा वरचा भाग.

क्रम सहसा बदलत नाही. अख्खी माळ मात्र पुढेमागे सरकते. २०२१ मध्ये क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चलाच आला. तिथल्या जुन्या रोजनिश्यांमधून साकुराच्या नोंदी इ.स. ८१२ पर्यंत मागे जातात, आणि तोपर्यंतच्या सगळ्या नोंदींत ही तारीख सर्वांत लवकरची होती.

निवांत

उपयोगी धागा. एक शंका: ‘पहिलं फूल’ म्हणजे नेमकं काय मोजतात? आणि एखाद्या दिवशी सगळं शहर एकदम गुलाबी होतं म्हणतात, ते कसं?

ओवी

हवामान खात्याचं प्रत्येक शहरात एक ठरलेलं नमुना-झाड असतं. त्यावर ५–६ फुलं उमलली की ‘काइका’, म्हणजे बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. ८० टक्के कळ्या उमलल्या की ‘मानकाइ’, पूर्ण बहर. या दोहोंत साधारण आठवडा जातो आणि मानकाइनंतर आणखी ५–७ दिवस झाड बघण्यासारखं असतं, वारा-पाऊस आडवे आले नाहीत तर. मानकाइनंतर एका रात्रीचा जोराचा पाऊस आठवड्याची कमाई धुऊन नेतो. सुरुवातीच्या फुलांना तोच पाऊस फारसा बाधत नाही, कारण ती देठाला घट्ट असतात. म्हणून चुकायचंच असेल तर दोन दिवस लवकर चुका, उशिरा नको.

एकदम फुलण्याचं कारण कलम. सोमेई-योशिनो बीपासून वाढवत नाहीत, कलमं करतात. म्हणजे देशभरातली सगळी झाडं आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड आहेत. सारखं तापमान मिळालं की सारख्याच दिवशी फुलणार.

तापमानाचं गणितही गमतीशीर आहे. फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि शरद ऋतूत झोपी जातात. हिवाळ्याची कडक थंडी त्यांना जागं करते, नंतरची ऊब फुलवते. तोक्योसाठीचा लोकप्रिय ठोकताळा: १ फेब्रुवारीपासून रोजचं सरासरी तापमान बेरीज करत जा, ४०० अंश झाले की काइका. कमाल तापमान धरलंत तर ६००. पण हिवाळाच उबदार गेला तर कळ्यांना जाग नीट येत नाही, आणि वसंत लवकर येऊनही बहर रेंगाळतो. ‘यंदा उकडतंय म्हणजे लवकर फुलणार’ हे म्हणून दरवेळी खरं ठरत नाही.

चहाटळ

म्हणजे झाडांनाही आधी थंडी वाजल्याशिवाय जाग येत नाही. आमचं उलटं आहे.

टिंबटिंब

रानभूल, निन्नाजीबद्दल अजून लिहा. पहिल्यांदा जाणारे लोक तिथे थोडे गोंधळतात. झाडं इतकी ठेंगणी कशी, मर लागली की काय, असं वाटतं.

रानभूल

तिथलं झाड म्हणजे ओमुरो-झाकुरा. उंची जेमतेम २–३ मीटर. बुंध्याऐवजी मुळापासूनच फांद्या फुटल्यासारखं दिसतं आणि फुलं थेट आपल्या नाकासमोर येतात. खाली कातळ आहे म्हणून मुळं खोल जात नाहीत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. नंतर माती तपासली तेव्हा खाली चिकणमातीचा घट्ट थर निघाला. निष्कर्ष तोच: मुळांना खाली वाट नाही.

मंदिर ८८८ सालचं. पाच मजली पागोडा १६४४ चा. तो या ठेंगण्या झाडांच्या ढगावर तरंगतोय असं चित्र हवं असेल तर उभं राहून फोटो काढू नका. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणा, नाहीतर फोटोत झाडं तळाशी जातात आणि मध्ये माणसांची डोकी येतात. ढगाळ दिवशी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. कॅमेरा पांढऱ्या पाकळ्यांना राखाडी करून टाकतो.

दोन गोष्टी चुकतात. पहिली: एरवी या आवाराचा बराचसा भाग विनातिकीट असतो, साकुराच्या दिवसांत मात्र तिकीट लागतं, आणि वाड्याच्या आतल्या भागाचं वेगळं. दोन्ही एकच समजून लोक खिडकीशी हुज्जत घालतात. दुसरी: उशिराचं झाड म्हणून निर्धास्त राहणं. उबदार वर्षी ओमुरोही एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात फुलून मोकळं होतं.

टिंबटिंब

निन्नाजीला जायचं तर क्योतो स्टेशनवरून २६ नंबरची बस सरळ जाते, पण ४० मिनिटं म्हणजे बहरात तासभर समजा. त्यापेक्षा जेआरने (जपान रेल्वे) हानाझोनो स्टेशनला उतरून १५ मिनिटं चालणं सुटसुटीत. किंवा रांदेन ही छोटी ट्राम, थांबा ओमुरो-निन्नाजी. उतरलं की समोरच निओमोन हा भला थोरला दरवाजा दिसतो. याच मार्गावर नारुताकी आणि उतानो या थांब्यांमध्ये रुळांच्या दोन्ही बाजूंनी सुमारे २०० मीटर साकुरा आहे. मिनिटभरही पुरत नाही, तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका.

बसचं सर्वसाधारण: मागच्या दारातून चढायचं, पुढच्या दारातून उतरायचं, पैसे उतरताना. शहरात सरसकट भाडं २३० येन. पेटी सुटे परत देत नाही. १००० येनची नोट आधी शेजारच्या यंत्रात मोडून घ्यायची, आणि तीही बस सिग्नलला थांबलेली असताना, उतरायच्या वेळी नव्हे. एकट्या माणसाच्या नोटेपायी मागे वीसजण ताटकळतात. आयसी कार्ड (आधी पैसे भरून ठेवलेलं, यंत्राला टेकवायचं कार्ड) असलं की हा प्रश्नच नाही. जुन्या माहितीत दिसणारा फक्त बसचा दिवसभराचा पास आता बंद झालाय. भुयारी रेल्वे आणि बस असा जोडपास ११०० येनला मिळतो.

मोठी बॅग घेऊन बहरात बसमध्ये चढू नका. स्टेशनवर लॉकर आहेत, पण सकाळी नऊनंतर मोठे लॉकर रिकामे मिळणं कठीण. हॉटेल सोडलं तरी बॅग त्यांच्याकडेच ठेवायला सांगा.

निवांत

दाइगोजीला जाणं कितपत सार्थकी लागतं? शहरापासून लांब दिसतंय.

रानभूल

लांब आहे म्हणूनच जा. क्योतो स्टेशनवरून जेआरने यामाशिना ५ मिनिटं, तिथून तोझाइ भुयारी मार्गाने दाइगो, पुढे १०–१५ मिनिटं पायी. बसला हात लावायची गरज नाही.

मंदिर ८७४ सालचं. पाच मजली पागोडा ९५१ चा, क्योतोतली आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत. साकुराशी या जागेचं नातं जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यामुळे. १५९८ च्या वसंतात त्याने इथे सुमारे ७०० झाडं आणून लावली, हजार-तेराशे माणसं बोलावून हानामी, म्हणजे फुलांखालची मेजवानी, केला, आणि त्याच वर्षी तो गेला. आजही एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी त्याची आठवण म्हणून वेशभूषा केलेली मिरवणूक निघते. फक्त गंमत अशी, की तोवर शिदारे बहुधा संपलेली असते. मिरवणूक आणि शिदारे दोन्ही एका खेपेत साधत नाहीत, एक निवडा.

वसंतात साम्बोइन (आतलं उपमंदिर), रेइहोकान (संग्रहालय) आणि मुख्य आवार असं एकत्र तिकीट १५०० येनला असतं. महाग वाटेल, पण सर्वांत देखणी शिदारे रेइहोकानच्या अंगणात आहे. लाकडी टेकूंवर रेललेलं म्हातारं झाड आहे ते. टेकू कुरूप दिसतात म्हणून फोटोतून कापू नका. फांद्यांचं वजन झाडाला पेलत नाही, टेकू काढले तर खोड चिरेल.

‘वरचा दाइगो’ ही तासाभराची खडी चढण आहे आणि तिकीट वेगळं. नुसत्या साकुरासाठी त्या वाटेला जाऊ नका.

कोरा कागद

मंदिरांची यादी वाचून झाली असेल तर आता आत कसं वागायचं ते. बहरात मंदिरं बाग झाल्यासारखी वाटतात आणि लोक तसेच वागतात.

महादरवाजाशी, म्हणजे सानमोनशी, किंचित वाकून आत जायचं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. हे आपल्याकडच्यांना शिकवावं लागत नाही.

पुढे पाण्याचं टाकं, चोझुया. लांब दांड्याची पळी उजव्या हातात घ्या, डावा हात धुवा. पळी डाव्या हातात, उजवा धुवा. पुन्हा उजव्या हातात, डाव्या तळव्यावर थोडं पाणी घेऊन चूळ. पळीला तोंड लावायचं नाही. तळवा परत एकदा धुवा. शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो धुतला जाईल. हे सगळं एका पळीभर पाण्यात बसवायचं असतं. चूळ टाक्यात नाही, बाहेरच्या दगडी पन्हळीत.

धूपदाणीत उदबत्ती लावली तर ज्योत फुंकर मारून विझवायची नाही, हाताने वारा घालून विझवायची. दानपेटीत नाणं हळूच सोडा. ५ येनचं नाणं लोक मुद्दाम टाकतात, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. मग हात जोडून, मान झुकवून, निःशब्द. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

घंटा हाताला लागली म्हणून वाजवू नका. जिथे भाविकांना मुभा आहे तिथे तसं लिहिलेलं असतं, आणि दर्शनाआधी वाजवतात. दर्शन करून परत निघताना वाजवणं अशुभ धरतात.

चहाटळ

टाळ्यांचं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंय की हो. दोनदा वाकून दोन टाळ्या.

कोरा कागद

ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानात: दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. दारात तोरी कमान असली की ते जिंजा, शिंतोचं. हेइआन जिंगू, हिरानो, यासाका या साकुरासाठी गाजलेल्या जागा शिंतो आहेत, बौद्ध नव्हेत. नावाच्या शेवटी ‘जी’, ‘देरा’ किंवा ‘इन’ आलं की बहुतेक बौद्ध मंदिर. पण बऱ्याच मंदिरांच्या आवारात छोटी जिंजाही असतेच, तेव्हा कमान बघून ठरवा.

मोगरी

गोशुइन घ्यायचं असेल तर काय करावं? आणि बूट कुठे कुठे काढावे लागतात?

कोरा कागद

गोशुइन म्हणजे मंदिराचा लाल शिक्का आणि त्यावर शाईने कुंचल्याने लिहिलेलं नाव-तारीख. त्यासाठी खास घडीची वही असते, गोशुइनचो. ती मोठ्या मंदिरांत विकत मिळते. साध्या डायरीत मागू नका, बहुतेक जण नकार देतात. दर्शन आधी, गोशुइन मग. वहीचं हवं ते पान उघडून द्या, आत पावत्या-तिकिटं खुपसलेली नकोत. ३०० ते ५०० येन, सुटे हातात तयार ठेवा. लिहिणाऱ्याचे फोटो काढू नका. दुपारी चार-साडेचारला खिडकी बंद होते. रात्रीच्या रोषणाईला गेलात तर ती उघडी असेलच असं नाही. गर्दीच्या दिवशी हातात सुटा कागद देतात, त्याला काकिओकि म्हणतात. तो घरी येऊन वहीत चिकटवायचा, तिथे वाद घालायचा नाही.

बूट: बाहेरच्या अंगणात पायात, इमारतीत शिरताना काढायचे. पायरीपाशी लाकडी पट्ट्यांची फळी असते, सुनोको. तिच्यावर बूट घालून चढणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. बूट फळीच्या अलीकडे काढा आणि मोजा घातलेला पाय फळीवर ठेवा. बूट पिशवीत घालून सोबत न्यायला सांगतात, कारण बाहेर पडायचं दार दुसरं असतं. नाडीचे उंच बूट घालून दिवसात चार मंदिरं करायची असतील तर कमरेला आधीच सांगून ठेवा. मोजे जाड घ्या. मार्चअखेरीस सकाळी ५–६ अंश असतं आणि लाकडी ओसऱ्या बर्फासारख्या लागतात. फुलांच्या दिवसांतल्या या गारठ्याला तिथे ‘हानाबिए’ असा खास शब्दच आहे.

टिंबटिंब

कियोमिझुदेराबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. सकाळी ६ ला उघडतं, हे लक्षात ठेवलं तर अर्धा प्रश्न सुटला. तिकीट ५०० येन. मुख्य मंडपाची ओसरी दरीवर १३ मीटर उंचीला झुलल्यासारखी उभी आहे. आत्ताची इमारत १६३३ ची. खालचे खांब एकमेकांत खाचा करून अडकवलेले. फुलं ओसरीवर नाहीत, ओसरीखालच्या उतारावर आहेत. त्यामुळे ओसरीवर रेटारेटी करण्यापेक्षा पलीकडच्या ओकुनोइन या मंडपाच्या बाजूला जा, तिथून ओसरी आणि खालचा बहर एका नजरेत येतात. ऊन मागून यायच्या आत, सात-साडेसातपर्यंत फोटो उरका. ट्रायपॉडला बंदी आहे.

वसंतातल्या ठराविक रात्री प्रवेश नऊपर्यंत असतो. आकाशात एक निळा झोत सोडतात, तो कान्नोन (अवलोकितेश्वर बोधिसत्त्व) हिच्या करुणेचं प्रतीक. त्यासाठी संध्याकाळी सहाला रांग लावण्यापेक्षा आठनंतर जा.

२०६ नंबरची बस टाळा. केइहान या खासगी रेल्वेमार्गाच्या कियोमिझु-गोजो स्टेशनवरून २०–२५ मिनिटं चढण आहे, पण किती वेळ लागेल ते निदान माहीत असतं.

आणि नानझेनजीला जायचं तर भुयारी रेल्वेच्या केआगे स्टेशनला उतरा. तिथून नेजिरिमानपो नावाच्या विटांच्या बोगद्यातून वाट जाते. विटा सरळ न रचता पिळा घातल्यासारख्या तिरक्या रचल्यात, वरचा भार सोसावा म्हणून. वर केआगे इनक्लाइनचे (चढावरून बोटी ओढून नेणाऱ्या रेल्वेचे) ५८२ मीटर लांबीचे जुने रूळ आहेत, दोन्ही बाजूंना सोमेई-योशिनो. मंदिराचं आवार फुकट, सानमोनवर चढायचे ६०० येन. १८८८ चा विटांचा जलसेतू आवारातच आहे.

मोगरी

शाकाहारींनी काय करायचं?

चहाटळ

शोजिन र्‍योरी शोधा, मठातलं जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, चातुर्मासच म्हणा. रस्सा कोम्बु शेवाळ आणि वाळवलेल्या शिताके अळंबीचा. अराशियामाच्या तेनर्‍यूजीत शिगेत्सु म्हणून आहे, आधी नोंदणी करून जा. नानझेनजीच्या आसपास युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं तोफू, प्रसिद्ध आहे. पण तोफू म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका. सोबतच्या सॉसमध्ये कात्सुओ, म्हणजे वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. ‘कात्सुओ-दाशी हाइत्तेमासु का?’ एवढं विचारायला शिका.

ओवी

आणखी एक राहिलं. ८ एप्रिल ही जपानात बुद्धजयंती. जपानने पाश्चात्य कॅलेंडर स्वीकारल्यावर तिथे चंद्राशी नातं सुटलं, म्हणून आपल्या वैशाख पौर्णिमेशी जुळत नाही. या दिवसाला हानामात्सुरी म्हणतात. फुलांनी मढवलेल्या छोट्या मखरात, कुंड्यात बाळबुद्धाची वीतभर मूर्ती उभी असते: एक हात आकाशाकडे, दुसरा जमिनीकडे. मखर म्हणजे लुंबिनीची बाग. लहान पळीने मूर्तीच्या डोक्यावर गोड चहा ओततात, सहसा तीनदा. पळी भरभरून घेऊ नका, धार बारीक हवी, नाहीतर मखराची फुलं भिजतात.

तो चहा म्हणजे आमाचा, एका हायड्रेंजियाच्या वाळवलेल्या पानांचा. प्यायलाही देतात, साखर न घालता गोड. विकत घेऊन घरी करायचा असेल तर लिटरभर पाण्याला २–३ ग्रॅमच पानं. मुलांना दाट आमाचा पाजल्यामुळे उलट्या झाल्याची प्रकरणं तिथे घडली आहेत.

निवांत

तारखा १८ ते २२ एप्रिल अशाच पडल्या तर? तोवर सगळं संपलेलं असेल.

रानभूल

क्योतोत थोडी याएझाकुरा उरेल. पण मग योशिनोला जा, नारा प्रांतात. किन्पुसेनजी हे तिथलं मुख्य मंदिर, डोंगरात तपश्चर्या करणाऱ्या शुगेन्दो पंथाचं. पंथाचा संस्थापक एन नो ग्योजा याने झाओ गोंगेन या देवाचं रूप साकुराच्या लाकडात कोरलं अशी श्रद्धा. त्यामुळे साकुरा तिथे पूज्य, आणि लोकांनी शतकानुशतकं देवाला वाहिली ती झाडंच. अशी सुमारे ३०,००० झाडं डोंगरभर. बाकी सगळीकडे मंदिरात साकुरा आहे, इथे साकुरा हाच नैवेद्य.

जात यामाझाकुरा. ही कलमी नाही, म्हणून प्रत्येक झाडाचा दिवस आणि रंग वेगळा. फुलांबरोबरच तांबूस पालवी फुटते. लांबून डोंगर गुलाबी नाही, तर पांढरा, तांबूस, पोपटी असा मिसळलेला दिसतो. बहर पायथ्यापासून वर चढतो, डोंगराचे चार टप्पे धरतात: शिमो-सेनबोन (खालचा) एप्रिलच्या सुरुवातीला, मग नाका (मधला), कामि (वरचा), आणि शेवटी ओकु-सेनबोन (सर्वांत आतला) महिनाअखेरीकडे. १८ ते २२ ला वरच्या दोन टप्प्यांत काहीतरी मिळण्याची शक्यता चांगली.

टिंबटिंब

ओसाकातल्या आबेनोबाशीहून किंतेत्सु या खासगी रेल्वेची लिमिटेड एक्सप्रेस, सुमारे सव्वा तास. क्योतोहून गेलात तर काशिहारा-जिंगू-माए स्टेशनला गाडी बदलावी लागते. आरक्षण जातानाचं आणि येतानाचं एकदमच करून ठेवा, संध्याकाळच्या परतीच्या जागा आधी संपतात. योशिनो स्टेशनवरून झाओदोपर्यंत (किन्पुसेनजीचा मुख्य मंडप) अर्धा तास चढण. ओकु-सेनबोन आणखी बरंच वर आहे, चालत गेलात तर जाऊन-येऊन चार-पाच तास हाताशी ठेवा. झाओ गोंगेनच्या निळ्या, सात मीटर उंच मूर्ती वर्षभर खुल्या नसतात. वसंतातले दर्शनाचे दिवस जाहीर होतात, ते आधी बघा.

मोगरी

फुलांखाली चटई टाकून डबा खाल्ला तर चालतं का मंदिरात?

कोरा कागद

नाही. चटया टाकून हानामी बागांमध्ये, क्योतोत मारुयामा पार्कात. मंदिरात फार तर चहाच्या बाकावर बसा. फांदी खाली ओढून फोटो नको, आणि मुळांभोवतीच्या दोरीच्या आत पाय नको. चेरीची मुळं उथळ असतात, माती तुडवून घट्ट झाली की त्यांना हवा मिळत नाही आणि पुढच्या वर्षी टोकाच्या फांद्या वाळतात. कचऱ्याचे डबे जवळपास नसतात, पिशवी बाळगा.

ओवी

आणि मास्क. तेव्हाच सुगी (जपानी देवदार) आणि हिनोकी (जपानी सायप्रस) यांचे परागकण उडत असतात. शिंका सुरू झाल्या की लोक साकुराला दोष देतात. तिचे पराग कीटक नेतात, वाऱ्यावर जवळजवळ उडतच नाहीत.